खाडीचा गाळ वाफशावर आला की आंबट का होतो?

जिंतूर तालुक्यातल्या एका पोकलेन मालकांनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगते. चार-पाच वर्षं त्यांनी आपल्याकडे मराठवाड्यात तलावांतला गाळ काढायची कामं केली. गेल्या डिसेंबरात रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीत, छोट्या धक्क्यापुढचा गाळ काढायचं पोटकंत्राट त्यांना मिळालं. काढलेला गाळ त्यांनी काठावर ढीग घालून ठेवला. तिथल्या दोन शेतकऱ्यांना त्यांनीच सांगितलं, "आमच्याकडं गाळासाठी ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, तुम्हाला फुकट देतो." मे महिन्यात तो गाळ भातखाचरांत चार-चार इंच पसरला. माती परीक्षणात सामू (पीएच; ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल) ७.६ आला होता. क्षार जास्त होते, पण कोकणातल्या पावसात ते धुऊन जातील असं सगळ्यांनी धरलं. जुलैत लावलेली आवणं, म्हणजे भाताची रोपं, आठ-दहा दिवसांत करपली. उरलेल्या ढिगांवर फिकट पिवळी पूड आली आणि चरातलं पाणी गंजासारखं तांबडं झालं. आता परत तपासलं तर सामू ३.४! त्यांचे प्रश्न तीन आहेत: प्रयोगशाळा चुकली का, शेतकऱ्यांकडून काही चुकलं का, आणि जिप्सम टाकून जमीन दुरुस्त होईल का.

प्रयोगशाळा चुकली नाही. शेतकऱ्यांचंही काही चुकलं नाही. जिप्सम टाकू नका, त्याचं कारण पुढे सांगते.

माझं शिक्षण परभणीचं. नोकरीची पहिली अकरा वर्षं कोकणपट्टीत माती तपासण्यात गेली आणि आता पुन्हा परभणीत आहे. त्यामुळे तुम्ही जिथे फसलात ती जागा मला चांगली ओळखीची आहे. आपल्या अंगात एक गोष्ट मुरलेली असते: पाणी हटवा, जमीन वाफशावर येऊ द्या, म्हणजे ओल राहील पण चिखल राहणार नाही, हवा खेळली की माती जागी होते. काळ्या रानात हे शंभर टक्के खरं आहे. पण भरती-ओहोटी दोन्हींत पाण्याखाली राहणाऱ्या खाडीच्या तळाला शेकडो वर्षांत वाफसा माहीत नसतो. तिथे हवा लागणं हाच अपघात असतो. तुम्ही प्रामाणिकपणे तलावाच्या गाळाचा न्याय खाडीच्या गाळाला लावला. दोन्हींना शब्द एकच असल्यामुळे हे होतं.

त्या तळाशी नेमकं काय चालू असतं ते समजलं, तर पुढचे उपाय पाठ करावे लागणार नाहीत.

चिखलावर पाणी कायम उभं राहिलं की वरचे काही मिलिमीटर सोडले तर आत प्राणवायू पोचत नाही. आतले जिवाणू कुजणारा पाला, शेवाळ, कांदळाची मुळं खातात, पण श्वासासाठी त्यांना प्राणवायूऐवजी दुसरं काहीतरी लागतं. आधी ते नायट्रेट वापरतात, मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट, आणि सल्फेटही संपलं की मिथेन तयार व्हायला लागतो. आपल्या तलावातल्या गोड्या पाण्यात सल्फेट फार नसतं, म्हणून ही गाडी लवकर मिथेनपर्यंत जाते. उन्हाळ्यात उथळ तलावाच्या तळातून बुडबुडे येताना तुम्ही पाहिले असतील, ते तेच. समुद्राच्या पाण्यात मात्र लिटरमागे सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं आणि प्रत्येक भरती नवा पुरवठा घेऊन येते. त्यातून सल्फाइड बनतं. सह्याद्रीच्या तांबड्या मातीतून नद्यांनी आणलेलं लोह तिथे भरपूर असतं. लोह आणि सल्फाइड एकत्र येऊन आधी काजळासारखा काळा पदार्थ होतो आणि सावकाश त्याचं पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, बनतं. पाण्याखाली पायराइट हजार वर्षंही निमूट पडून राहतं.

त्यामुळे तुमच्या अहवालातला ७.६ हा आकडा त्या दिवसापुरता खरा होता. उलट ही सल्फेटची प्रक्रिया चालू असताना चिखलात बायकार्बोनेट तयार होतं, त्यामुळे ताजा नमुना हमखास उदासीन किंवा किंचित विम्लच येतो. आम्ल अजून बनलेलं नसतं, त्याचा कच्चा माल साठवलेला असतो. साध्या सामूच्या तपासणीत तो दिसत नाही.

हे मला शिकवलं एका कापडी पिशवीने. कोकणात गेल्यावर पहिल्याच वर्षी मी खाडीतळाचे नमुने आणले आणि परभणीत शिकल्याप्रमाणे वर्तमानपत्रावर सावलीत वाळवले, लाकडी हातोड्याने कुटले, चाळणीतून काढले. सामू ७.४ आला आणि मी तो लिहून दिला. न कुटलेला अर्धा नमुना तसाच ओलसर, पिशवीत कपाटाच्या खालच्या फळीवर राहिला. तीन-साडेतीन महिन्यांनी पिशवी उचलली तर तिचा तळ विरून हातात आला. सुती कापड आम्लाने खाल्लं होतं. तो चिखल मोजला तर सामू ३.१. कुटलेल्या नमुन्यात हे लगेच दिसलं नव्हतं, कारण तो चटकन खडखडीत वाळला होता. जिवाणूंना हवा हवी तसा ओलावाही हवा. म्हणजे नेमका वाफसा!

तुमच्या ढिगांना डिसेंबर ते मे तोच मिळाला. वरून सुकलेले, आतून दमट, भेगा पडून हवा आत गेलेली. पायराइटला हवा आणि पाणी मिळालं की गंधकाम्ल बनतं, बॅटरीत असतं तेच. सुरुवात संथ असते, पण सामू चारच्या खाली गेला की आम्लात जगणारे जिवाणू ताबा घेतात आणि वेग खूप वाढतो. ढिगावरची फिकट पिवळी पूड म्हणजे बहुधा जॅरोसाइट. ते खनिज इतक्या आम्लातच तयार होतं. चरातलं तांबडं पाणी म्हणजे सुटलेलं लोह. आवणं करपण्यात क्षारांचाही वाटा असेल, पण ३.४ सामूला मातीतलं अॅल्युमिनियम विरघळून मुळांची टोकंच मारतं. मेलेलं रोप उपटून पाहा. मुळं आखूड, जाड आणि तपकिरी दिसली तर माझा संशय अॅल्युमिनियमवर राहील.

एक खूण लक्षात ठेवा, कारण ती उलट वाटते. चरातलं पाणी एखाद्या दिवशी अचानक काचेसारखं नितळ दिसलं, तर धोका टळला असं समजू नका. गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो तेव्हा जे होतं तेच तिथे होत असतं: विरघळलेलं अॅल्युमिनियम गढूळपणा खाली बसवतं. असं पाणी खाडीत गेलं की माशांच्या कल्ल्यांना इजा होते.

आता जिप्समबद्दल. आपल्याकडे चोपण जमिनीत जिप्सम टाकतात, कारण तिथे सोडियम हटवायचं असतं आणि सामू साडेआठच्या वर असतो. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ते आम्ल मारत नाही, आणि सल्फेटची तर तुमच्या खाचरात आधीच रेलचेल आहे. पांढरा थर दिसला की जिप्सम, हा आपला आडाखा तिथे कामाचा नाही. पांढऱ्या थराचा अर्थ क्षार, पिवळ्याचा अर्थ आम्ल, आणि तुमच्याकडे दोन्ही आहेत. क्षार कोकणच्या पावसात एक-दोन हंगामांत बरेचसे निघतील. आम्ल तसं निघत नाही, कारण पाऊस आज बनलेलं आम्ल धुतो आणि उरलेलं पायराइट उद्या नवं बनवतं.

लागते चुनखडीची पूड. हिशेब असा: वाळलेल्या वजनाच्या १ टन गाळात पायराइटचं गंधक १ टक्का असेल, तर ते सगळं जळाल्यावर सुमारे ३१ किलो गंधकाम्ल बनतं आणि तेवढं मारायला शुद्ध चुनखडीही साधारण ३१ किलोच लागते. एका एकरावर चार इंच गाळ म्हणजे जवळपास ४०० घनमीटर. खाडीचा चिखल हलका असतो. घनमीटरला ६०० किलो कोरडं वजन धरलं तर २४० टन गाळ आणि त्याला साडेसात टन चुनखडी. पूड मातीत सारखी मिसळत नाही म्हणून दीडपट धरतात, म्हणजे अकरा टनांच्या वर. गंधक अर्धा टक्का असेल तर निम्मी, दोन टक्के असेल तर दुप्पट. हा खर्च अंदाजाने करू नका. प्रयोगशाळेत एकूण गंधकाऐवजी सल्फाइड रूपातलं गंधक मोजायला सांगा, कारण समुद्राच्या पाण्यातलं सल्फेटही एकूण आकड्यात मिसळतं आणि तो फुगतो. कळीचा चुना शेतात टाकू नका, तो सामू एकदम वर फेकतो. गाळात शिंपले दिसतात म्हणून निर्धास्तही राहू नका. अख्ख्या शिंपल्यावर लोहाचं आणि जिप्समचं कवच चढतं आणि आतला चुना अडकून बसतो.

इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, आणि प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही. गाळ खाडीच्या मुखाजवळचा असेल तर त्यात वाळू जास्त आणि सल्फाइड कमी असतं. आतल्या वळणात, कांदळवनाच्या आडोशाला, जिथे पाणी संथ होतं आणि पाला साचतो, तिथला मऊ चिखल जास्त धोक्याचा. धक्के बहुधा अशाच आडोशाला बांधतात. किती खोल खणलं त्यावरही अवलंबून आहे.

ते का, हे मी पहिल्यांदा पाहिलं एका होडीत बसून. ओहोटीलाही कमरेएवढं पाणी राहील अशा जागी आम्ही तीन इंची अॅल्युमिनियमचा पाइप दीड मीटर खोल घातला, वरचं तोंड घट्ट बंद करून उपसला आणि काठावर उभा चिरला. सगळ्यात वर दोन-तीन मिलिमीटरची खाकी साय. तिच्याखाली काजळासारखा काळा थर, सडक्या अंड्याचा वास, आणि मुठीत दाबला की बोटांच्या फटींतून वाहून जाणारा. त्या काळ्यात किड्यांची उभी बिळं होती आणि प्रत्येक बिळाच्या भिंतीला तांबूस अस्तर, कारण किडा वरचं पाणी खाली ओढतो आणि त्याच्याबरोबर थोडा प्राणवायू जातो. चाळीस सेंटिमीटरवर शिंपल्यांचा पट्टा लागला. त्याखाली हिरवट करडी, घट्ट माती. अगदी तळाशी पुन्हा गडद थर, त्यात कांदळाची जुनी मुळं अजून शाबूत. कधीकाळी तिथे कांदळवन होतं आणि नंतर ते पाण्याखाली गेलं. आम्ही नोंदी लिहीपर्यंत, अर्ध्या तासात, काजळी थराची वरची बाजू राखाडी झाली. ते हवेने केलेलं पहिलं काम.

आपल्याकडे शेततळं खोदताना बाजूच्या भिंतीत काळी, मग पिवळट, मग मुरूम असे थर दिसतात, तसेच थर पाण्याखालीही असतात. म्हणून मी त्याला नुसता गाळ म्हणत नाही, माती म्हणते. पाण्याने आणून टाकलेला ढिगारा जागेवर बदलत जातो, त्यात जीव राहतात, त्याचे थर पडतात, तेव्हा ती माती होते. मृदाशास्त्रालाही हे मान्य करायला वेळ लागला. ऑस्ट्रियाच्या कुबिएना यांनी १९५० च्या दशकात युरोपातल्या पाण्याखालच्या मातींना आपल्या वर्गीकरणात जागा दिली होती. पण सर्वेक्षणाच्या कामात तो विचार आणला अमेरिकेतल्या जॉर्ज डेमास यांनी. १९९० च्या दशकात मेरीलँडच्या किनाऱ्यावरच्या उथळ उपसागरात त्यांनी तळाचे नकाशे काढले आणि पाण्याखालीही जमिनीसारखे उंच-सखल भाग, त्यांच्या आपापल्या माती आणि थर असतात हे दाखवलं. १९९९ मध्ये अमेरिकन मृदा वर्गीकरणाने मातीची व्याख्याच बदलून साधारण अडीच मीटरपर्यंतच्या पाण्याखालची जमीन आत घेतली. २०१० मध्ये अशा मातींना त्या वर्गीकरणात स्वतंत्र उपगण, म्हणजे स्वतःचे गट, मिळाले. त्यासाठी अट अशी की पृष्ठभाग रोज २१ तासांपेक्षा जास्त पाण्याखाली हवा. ओहोटीला उघडी पडणारी चिखलाट जमीन त्यात बसत नाही, आणि व्यवहारातही ती वेगळीच वागते, कारण तिला दिवसातून दोनदा थोडीफार हवा मिळते.

तुम्हाला या नावांशी काय करायचं, असं वाटेल. पण थर पाहिला असता तर खणण्याआधीच कळलं असतं की वरचा फूटभर कसा आहे आणि खालचा कसा. कंत्राटात फक्त 'गाळ, घनमीटर' लिहिलेलं असतं. तिथे थरांची नोंद मागायला हवी.

आपला तलावाचा गाळ असं का करत नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर उद्या तुम्ही तलावाची कामंही घाबरून सोडाल. आपल्या गाळाचा बहुतांश भाग म्हणजे पाणलोटातून वाहून आलेली काळी मातीच. बेसॉल्टपासून बनलेली, चुनखडीचे खडे असलेली, सामू आठच्या आसपास. पाणी गोडं, सल्फेट बेताचं. आणि बहुतेक लहान तलाव उन्हाळ्यात उघडे पडतात, त्यामुळे हवेची त्यांना सवय असते. पैठणला नाथसागराचं पाणी मागे सरकलं की काठचे लोक गाळपेर करतात. हिवाळ्यात त्या रानात गेलात तर पाय घोट्यापर्यंत रुतेल अशा ओलीत हरभरा उगवलेला दिसेल. तो गाळ वाफशावर येतो आणि पीक देतो. २०१७ पासूनच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेमागचा विचारही आपल्या भागात योग्यच आहे. मात्र ज्या तलावात शहराचं सांडपाणी किंवा कारखान्याचं पाणी येतं, तिथला गाळ तपासल्याशिवाय उचलू नका. आणि काळा रंग म्हणजे कस, हे समीकरण सह्याद्रीपलीकडे नेऊ नका. केरळात कुट्टनाडच्या काळ्याभोर 'करी' जमिनी देशातल्या सर्वांत आम्ल जमिनींत मोडतात, आणि कारण हेच सल्फाइड.

आता तुम्ही काय करायचं. उरलेले ढीग हलवू नका, उलथे करू नका, 'जरा वाळू द्या' म्हणून पसरू तर मुळीच नका. ढिगात हातभर खोल खड्डा करा. आत अजून काळा आणि ओला चिखल असेल तर तिथे आम्ल बनायचं बाकी आहे. त्यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पुन्हा कायम पाण्याखाली ठेवणं. पण परत खाडीत ढकलणं तुमच्या हातात नाही. किनारपट्टी नियमन क्षेत्रात त्यासाठी रीतसर परवानगी लागते, आणि कांदळवनावर टाकलात तर गुन्हा आहे. परवानगी मिळेपर्यंत ढिगावर ताडपत्री घाला, भोवती चर काढा आणि चरात चुनखडीची पूड टाकून तिथलं पाणी खाडीत जाण्याआधी सामू पट्टीने रोज तपासा. सहाच्या खाली असेल तर सोडू नका.

खाचरांत यंदाचं पीक गेलं असं धरून चाला. नांगरट करू नका, नांगर म्हणजे आणखी हवा. बांध घालून गोडं पाणी उभं ठेवा, म्हणजे नवं आम्ल बनणं मंदावेल. बनलेलं आम्ल त्याने लगेच जाणार नाही, आणि पाणी भरल्यावर विरघळलेलं लोह वाढून पुढच्या भाताची पानं तांबूस पडू शकतात, हे शेतकऱ्यांना आधीच सांगा. गंधकाचा आकडा हातात आला की चुनखडीचा निर्णय घ्या. थर चार इंचांचाच आहे आणि खालची मूळ जमीन चांगली आहे, त्यामुळे थर खरवडून काढून एका अस्तर घातलेल्या खड्ड्यात चुनखडीसोबत बंद करणं कदाचित स्वस्त पडेल. दोन्ही खर्च मांडून पाहा. पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे. ओला नमुना हवाबंद पिशवीत, बर्फात ठेवून घेऊन जा आणि 'वाळवू नका' असं पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

पुढच्या वेळी काम घेण्याआधी एक साधी चाचणी स्वतः करा. ताज्या चिखलाचा सामू मोजून लिहून ठेवा. मग दह्याच्या डब्याच्या झाकणात एक सेंटिमीटर जाडीचा थर द्या, घरात सावलीत ठेवा आणि सुकू न देता थोडं थोडं शुद्ध पाणी शिंपडत राहा. दर आठवड्याला सामू मोजा. १६ आठवड्यांच्या आत तो निदान अर्ध्या अंकाने उतरून चारवर किंवा त्याखाली आला, तर तो चिखल जमिनीवर घ्यायचा नाही. तेवढा वेळ नसेल तर प्रयोगशाळेत हायड्रोजन पेरॉक्साइडची चाचणी करून घ्या, ती तासाभरात कल दाखवते. ती घरी करू नका, तीव्र पेरॉक्साइड उकळून अंगावर उडतं.

आणि त्या दोन शेतकऱ्यांकडे फोनवर बोलून भागवू नका, सामू पट्टी घेऊन स्वतः जा. त्यांना वाटत असेल की खारं पाणी शिरलं, आणि ते पुढच्या वर्षी नुसत्या पावसाची वाट बघत बसतील. ढिगाचं, खाचराचं आणि शेजारच्या गाळ न टाकलेल्या रानाचं पाणी तीन वाट्यांत घेऊन त्यांच्यासमोर पट्टी बुडवा. तिसरी वाटी वेगळा रंग दाखवेल.